पावकीचे आठ पट्टे

पडदा वर जातो.

समोर एक उंच, अरुंद खोली. छताकडे पाहायचं तर टोपी पडावी इतकी उंच. डावीकडच्या भिंतीला लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कोरं कापड, अडीच पुरुष उंच आणि त्याहून दुप्पट रुंद. खाली बादल्या ओळीनं मांडलेल्या: गेरू, पिवडी, काजळी, निळा. कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं, रंगात कालवायच्या सरसाचं, म्हणजे कातड्याच्या डिंकाचं भांडं. सरस ऊन असेल तोवर रंग कुंचल्यावरून वाहतो आणि कापडाला धरून राहतो. सरस थंड झाला की रंगाचा थलथलीत गोळा होतो आणि कामाची वाट लागते. त्या सरसाचा वास असा की नवख्या माणसानं दारातूनच मागं फिरावं.

चौकटीसमोर चाकांच्या शिडीवर एक बुटकी, वाळकी बाई. तोंडात पेन्सिल, कानामागे दुसरी पेन्सिल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची उलटी फिरवून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसलेला एक धिप्पाड पुरुष. हातात काम नाही, तोंडावर हसू आहे, आणि ते हसू चांगलं नाही.

ही दोघं सख्खी बहीणभावंडं. ती थोरली, तो धाकटा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

या खोलीच्या भिंतीपलीकडे रंगमंच. तिथं मी आयुष्य काढलं. राणी झाले, मोलकरीण झाले, उतारवयात सगळ्यांची आत्या झाले. माझ्या पाठीमागे जे राजवाडे होते, बागा होत्या, जी संध्याकाळची आभाळं होती, ती सगळी या दोघांच्या हातची. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्या माझ्या तोंडाकडे बघून. त्यातला निदान अर्धा वाटा पाठीमागच्या कापडाचा. तो आज पोचता करते.

तिला सगळं थिएटर पावकी म्हणायचं. एक तर अंगानं पाव माणूस. दुसरं म्हणजे शिडीवर चढली की तिची पुटपुट सुरू व्हायची: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. आम्ही नट मंडळी विंगेत उभी राहून संवाद घोकायचो, ती पलीकडे पावकी घोकायची. भावाचं नाव तिनं ठेवलं होतं दीडशहाणा. अर्थात ते ती त्याला उद्देशून कधी म्हणाली नाही. त्याच्यासमोर, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, पण दुसऱ्या कोणाला तरी सांगायची.

ही पाढ्यांची खोड त्यांच्या वडिलांची. तेही याच खोलीत रंगारी होते. दोन्ही पोरांना शेगडीजवळ बसवून ते कुंचला मारता मारता गणितं घालत. हे मला तिनंच एकदा सांगितलं, माझ्या पाठीचं मोजमाप घेता घेता. कुठल्याशा दृश्यात मला रंगवलेल्या खिडकीत नेमकं बसवायचं होतं.

बाप विचारी, "दीड तासात पाव पडदा झाला. पुरा पडदा किती वेळात?"

धाकटा बापाच्या तोंडातून शब्द पडायच्या आत ओरडे, "सहा तास!"

ही मात्र विचारी, "कुठला पाव, बाबा? आभाळाचा की खिडक्यांचा?"

बापाच्या हातातला कुंचला थांबे. कारण पोरीचं म्हणणं असं होतं की आभाळ ओढायला काय लागतं? मोठा कुंचला घ्यायचा आणि सपासप मारत सुटायचं. खिडक्यांच्या गजांना आणि कौलांच्या रेघांना तेवढ्याच कापडात चौपट वेळ जातो. मग पहिल्या पावाला दीड तास लागला म्हणून चौथ्या पावाला तेवढाच लागेल हे कशावरून?

"मग काय करशील?" बाप म्हणे.

"पडदा उभा चिरीन," ती म्हणे. म्हणजे कापड फाडायचं नाही, खडूच्या दोरीनं वरपासून खालपर्यंत उभे पट्टे आखायचे. प्रत्येक पट्ट्यात थोडं आभाळ, थोडी कौलं, एखादी खिडकी, थोडी जमीन. सगळ्या पट्ट्यांना काम सारखं. एकाला किती वेळ लागला ते कळलं की सगळ्या पडद्याचं कळलं.

"आणि हात दमला तर?" हा धाकट्याचा प्रश्न. प्रश्न चांगला होता, हे ती कबूल करायची. फक्त त्याच्याजवळ नाही.

बापानं उत्तर दिलं ते दोघांनीही ऐकलं, पण लक्षात एकीनंच ठेवलं. तो म्हणाला, "सकाळी हात हवा तेवढा धावतो. त्याला धावू द्यायचं नाही. संध्याकाळी जेवढा चालेल तेवढाच सकाळी चालवायचा."

मी नटी. मला हे लगेच कळलं. पहिल्याच अंकात सगळा आवाज उधळून तिसऱ्या अंकात कोंबड्यासारखं आरवणारे नट मी पोत्यानं पाहिलेत.

आता त्यांच्या भांडणाबद्दल. बाप वारला तेव्हा चौकटीवर एक पडदा अर्धा झाला होता. नदीकाठचं दृश्य, बापाच्या हातचा निळा. तेरा दिवस काय, तीन दिवसही झाले नसतील, धाकट्यानं तो एका सपाट्यात पुरा केला. आपला निळा लावून. दोन निळ्यांच्या मधोमध अशी फट दिसत होती, जशी एका अंगरख्याला दुसऱ्या अंगरख्याची बाही शिवावी. थोरली आली, तिनं पाहिलं. चुन्याची बादली उचलली आणि साऱ्या मंडळींसमोर भावाचा अर्धा पडदा पांढरा करून टाकला. त्याचं काम म्हणून खालचं एक बदकसुद्धा ठेवलं नाही.

तेव्हापासून दोघांमध्ये विळ्याभोपळ्याएवढं सख्य. आणि रंगखोलीच्या दाराला दोन कुलपं. एक तिचं, एक त्याचं. एकाच्या किल्लीनं दुसऱ्याचं उघडत नसे, त्यामुळे दार उघडायचं तर दोघांनी एकाच वेळी हजर राहायला हवं. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं रोज सकाळी नऊच्या ठोक्याला एकाच दारापुढे खांद्याला खांदा लावून वाकायची. मॅनेजर म्हणायचा, "नवराबायको इतकी वेळेवर भेटत नाहीत!"

तर हा झाला पहिला प्रवेश. आता त्या दिवसाकडे येते.

आमचं नवं नाटक उभं राहिलं होतं. दुसरा अंक सगळा एका गल्लीत घडायचा, आणि त्या गल्लीचा पडदा आदल्या आठवड्यातच तयार होऊन गुंडाळून ठेवला होता. सकाळी पाहतात तो वरचा पाण्याचा पाइप रात्रभर त्याच्यावर ठिबकलेला. सरसाचा रंग, पाणी लागलं की सुटतो. उलगडला तर गल्ली नव्हतीच, चिखल होता. संध्याकाळी सातला खेळ. सहाला दारं उघडणार. त्याआधी दिवे लावून बघायचे म्हणजे पडदा पाचला टांगलेला हवा.

मॅनेजर दोघांसमोर उभा राहून हात जोडत होता. "कोणीही करा, पण करा!"

धाकट्यानं कापडाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "एका दिवसात एवढा पडदा होत नसतो, साहेब. काळा पडदा सोडा पाठीमागे. अंधारातली गल्ली आहे म्हणा."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुकतीच माझं लुगडं बघायला म्हणून आले होते. "बाई, साहेबांना सांगा, पाचच्या आत होईल. माझ्याकडे त्या गल्लीचा जुना खाका आहे. आणि साहेबांना हेही सांगा की मदत नको. विशेषतः दीडशहाण्यांची नको."

"तिला सांगा," भाऊ म्हणाला, "मी बोट लावणार नाही. मी बसतो आणि बघतो."

"बसू द्या. बसण्यात त्याचा हातखंडा आहे."

मी निघायला लागले तर तिनं शिडीवरूनच हाक मारली. "बाई, तुम्ही थांबा. दिवस मोठा आहे. मला त्याच्याशी बोलायला कोणीतरी लागेल."

अशी मी त्या दिवशी दोन शत्रूंमधली टपालवाली झाले.

दहाला तिनं सुरुवात केली. खडूची दोरी ताणून, टणत्कार करून सोडली, तशा सात उभ्या रेघा उमटल्या आणि पडद्याचे आठ पट्टे झाले. मग डावीकडून पहिला पट्टा. वरचं आभाळ, खाली उतरत कौलं, मग भिंत, खिडकी, ओटा, रस्त्याचे दगड. शिडी सरकवायची आणि दुसरा. तिच्याकडे बघताना माझाच जीव खालीवर होत होता, कारण ती हळू चालली होती. हात मोकळा, अंगात सकाळची तरतरी, आणि तरीही ती दर फटकाऱ्यानंतर कुंचला बादलीच्या काठावर दोनदा टेकवून, एक श्वास घेऊन मग पुढचा फटकारा मारायची. मुद्दाम.

भावाला तेच हवं होतं. "बघा बाई! बघा जरा. शाळेतली पोरं याहून भरभर रंगवतात. हात गेलाय तिचा. मी तर कधीपासून म्हणतोय, आता घरी बसावं, नातवंडं सांभाळावी."

"त्याला सांगा, मला नातवंडं नाहीत."

"मग शेजाऱ्यांची सांभाळावी!"

साडेअकराला दोन पट्टे झाले. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि पुटपुटली, "दीड तासात पाव." बापाचं गणित जसंच्या तसं समोर उभं होतं. पट्ट्याला पाऊण तास, पडद्याला सहा. चारला संपणार, पाचपर्यंत तास हाताशी.

एक वाजता मॅनेजर धावत आला. त्याला पाहिल्याबरोबर भाऊ खुर्चीवरून उठला. म्हणजे तो एवढ्याचसाठी बसून होता.

"साहेब, डोळ्यांनी बघा. तीन तास झाले आणि अर्धा पडदा कोरा आहे. उजवी बाजू सगळी पांढरी! मी असतो तर एव्हाना या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ होऊन शिवाय कौलंही झाली असती."

मॅनेजरला पांढरं कापड दिसलं आणि त्याचा चेहराही तसाच झाला. "बाई, हे काय हो? अर्धाच?"

"अर्धा तीन तासांत," ती शिडीवरून म्हणाली. "उरलेला अर्धा तीन तासांत. चार वाजता संपतो."

"दुपारनंतर माणूस दमतो," भाऊ म्हणाला. "सकाळचा अर्धा आणि दुपारचा अर्धा सारखा नसतो, साहेब. तिला विचारा, तिचं वय काय?"

"त्याला सांगा, तो जन्मला तेव्हा मी त्याला झोके देत होते. तेवढं वय."

"मला तुमचं गणितही नको आणि वयही नको," मॅनेजर कळवळला. "मला पडदा पाहिजे! आणि एक सांगतो, हे रोजचं दोन तोंडांचं भांडण मी आता सहन करणार नाही. या हंगामापासून खोलीत एकच रंगारी राहील. मालकांशी बोलणं झालंय. आज पडदा टांगला नाही, तर कोण राहील ते तुम्हाला सांगायला नको."

ती शिडीच्या दोन पायऱ्या उतरली. त्या खोलीबाहेर तिचं काहीच नव्हतं. एक भाड्याची जागा होती, तिथं ती झोपायला जायची. जगायला इथं यायची.

"बाई," ती मला म्हणाली, आवाज अगदी साधा, "त्याला सांगा. पाचला पडदा टांगलेला नसेल, तर माझं कुलूप मी माझ्या हातानं काढते. टांगलेला असेल, तर त्यानं त्याचं काढायचं. विचारा, कबूल?"

मी त्याच्याकडे वळले. तो तिच्याकडेच बघत होता, कितीतरी वर्षांनी सरळ तिच्या तोंडाकडे.

"तिला सांगा, कबूल."

मॅनेजर कपाळाला हात लावून निघून गेला. ती पुन्हा वर चढली. पाचवा पट्टा सुरू झाला, आणि पावणेदोनला संपला. त्याच वेगानं, तोच श्वास, तेच बादलीच्या काठावर दोनदा टकटक. मला वाटलं, आता जिंकलीच ही. ती कुंचले धुवायला बाहेरच्या नळावर गेली, मी तिच्याबरोबर पाय मोकळे करायला गेले. परत येऊन तिनं गेरूच्या बादलीत कुंचला घातला आणि तो तसाच उभा राहिला. हात काढून घेतला तरी उभाच.

शेगडी बंद होती. पातेल्यातलं पाणी गार. भांड्यातला सरस थिजून खरवसासारखा झाला होता, म्हणजे शेगडी किती वेळ बंद होती याची कल्पना करा. ती शिडीवर चढली असतानाच कोणीतरी कळ फिरवली होती. आणि खोलीत कोण होतं ते मी सांगायला नको.

"गॅसचा वास येत होता," भाऊ खुर्चीवरून म्हणाला. "सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी नाटकात खूप खलनायक पाहिले. त्यांना निदान मिशा तरी असत. हा दाढी करून, शर्टाची बटणं लावून बसला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मला वाटतं, कुठल्याशा जुन्या नाटकातला तिसरा अंक मी तिथं पुरा करून टाकला.

तिनं मला थांबवलं. "बाई, घसा सांभाळा. तुम्हाला सातला लागणार आहे."

तिनं शेगडी पेटवली, आच मध्यम ठेवली. सरस घाईनं तापवला तर करपतो, करपला की चिकटत नाही. भांडं पाण्यात, पाणी आचेवर, आणि वाट. पाऊण तास. ती जमिनीवर मांडी घालून बसली, डबा काढून जेवली. जेवून झाल्यावर उजवा हात त्या कोमट पाण्यात मनगटापर्यंत बुडवून बसली. आणि मोठ्यानं, अगदी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं गणित मांडलं.

"त्याला सांगा, बाई. आठातले पाच पट्टे झाले, तीन राहिले. तीन पट्टे म्हणजे पाव आणि अर्धा पाव. पावाला दीड तास, अर्ध्या पावाला पाऊण. मिळून सव्वादोन. अडीचला सुरू केलं तर पावणेपाचला संपतं. माझ्या हाताशी तास होता, त्यातला पाऊण तास त्यानं खाल्ला. पाव तास उरला. आणखी काही खायचं असेल तर पाव तासाच्या आत बसेल एवढंच खा म्हणावं."

भाऊ हसला. "तिला सांगा, हे सगळं हात सकाळसारखा चालला तर. हात आहे, घड्याळ नाही."

"ते खरं आहे," ती म्हणाली. मला धक्का बसला; तिनं त्याचं म्हणणं मान्य केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "चौथ्या पट्ट्यापासून मनगट ठणकत होतं माझं. सातव्याला सुटलंच असतं. आता पाऊण तास ऊन पाण्यात बसलंय. त्याला सांगा, उपकार झाले."

मी काही तिचा निरोप पोचवला नाही. गरजच नव्हती. तो खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला होता आणि आमच्याकडे पाठ करून उभा होता.

अडीचला सहावा पट्टा. मग सातवा. आता त्यानं नवाच उद्योग काढला. दर थोड्या वेळानं घड्याळ वाचून दाखवायचा, सुरात, आगगाडीच्या स्टेशनवर सांगतात तसा. "तीन वाजून दहा!" "तीन वाजून पंचवीस!" प्रेक्षकांत एखादा असतो ना, नेमका तुमच्या स्वगतात खोकणारा? तसा. तिची पावकी मोठी झाली. एक पाव पाव, फटकारा. दोन पाव अर्धा, फटकारा. तो घड्याळ ओरडायचा आणि ती पाढा ओरडायची, आणि दोन भिंतींमध्ये त्या दोघांची अशी जुगलबंदी जमली की नाटकातले पोरगे दारातून डोकावून बघायला लागले.

आठव्या पट्ट्यात हात गेला. मी पाहिलं. खिडकीचा गज ओढताना कुंचला थरथरला आणि रेघ वाकडी आली. तिनं कुंचला डाव्या हातात घेतला, उजव्या कोपराखाली काठीचा टेकू दिला, मग पुन्हा उजव्या हातात घेतला. बादलीच्या काठावर दोनदा टकटक. श्वास. पुढचा गज. वाकडी रेघ तशीच ठेवली. नंतर ती म्हणायची, जुन्या घरांना एक गज वाकडा असतोच.

पाचला दहा कमी असताना ती खाली उतरली. पावणेपाच नाही, पाच मिनिटं जास्त गेली. त्या पाच मिनिटांचं तिला पुढं कितीतरी वर्षं वाईट वाटत होतं.

"ओला आहे!" भाऊ चौकटीकडे झेपावला. "शेवटचा पट्टा ओला आहे, साहेब! गुंडाळला की फासणार! तासभर वाळायला हवा!" मॅनेजर मजूर घेऊन आला होता, तो जागच्या जागी थिजला.

तिनं मजुरांकडे पाहिलं. "डावीकडून गुंडाळा. बांबूला, उभा, रंग बाहेरच्या अंगाला. पहिला पट्टा सकाळपासून वाळतोय, दुसरा त्याच्यामागे. ओला सगळ्यात बाहेर राहील. त्याला हात लावू नका म्हणजे झालं."

आभाळ आधी, कौलं मग, जमीन शेवटी असा आडवा रंगवला असता, तर तो पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओला राहिला असता. भावाला हे कळलं. कळलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. चांगला रंगारी होता तो, त्याला न कळून कसं चालेल?

पाचला पडदा टांगला होता. सातला खेळ सुरू झाला. दुसऱ्या अंकात मी त्या गल्लीपुढे उभी राहिले तेव्हा उजवीकडून सरसाचा असा भपकारा येत होता की माझ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय!

मध्यंतरात तो विंगेत आला. बोटांत किल्ली. ती त्यानं माझ्या पेटीवर, पावडरच्या डब्याशेजारी टाकली. "बाई, द्या तिला. कुलूप उद्या काढून नेतो."

मी ती घेऊन रंगखोलीत गेले. ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, हात मांडीवर उताणा. तिनं किल्ली घेतली, आपल्या किल्लीच्या दोऱ्यात ओवली. "त्याला सांगा, कुलूप राहू दे. कुलूप चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नऊला गेले. तो आला होता. कुलूप काढायचं सामान घेऊन आला असेल म्हणाल, तर नाही. रिकाम्या हातानं आला होता. तिनं दोन्ही कुलपं स्वतः उघडली, आत गेली आणि दार उघडं टाकलं. तो जरा वेळ बाहेर उभा राहिला. मग आत गेला.

मॅनेजरनं तिला विचारलं तेव्हा मी तिथंच होते. "आता एकच रंगारी ठेवायचा ना?"

"एकच ठेवा की. मीच. तो मदतनीस. आभाळ बरं ओढतो." कुंचला झटकत म्हणाली, "फक्त शेगडीपासून लांब बसवा."

पुढं मी रंगमंच सोडला, गुडघ्यांनी आधीच सोडला होता. त्या दोघांचं तसंच चालू राहिलं. तो आभाळं ओढायचा, ती खिडक्या करायची, आणि बोलणं कोणाच्या ना कोणाच्या मार्फत. माणूस नसेल तर शेगडीला सांगत. "शेगडीबाई, त्याला सांगा, निळा पातळ झालाय." मला वाटतं, दोघंही त्यात तरबेज झाली होती. मीही कधीमधी जाऊन बसायची. वास तोच होता.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. आवाज खरखरीत. ती शिडीवरून नाही, खाली उभ्या उभ्याच कोसळली होती. एका पडद्याचे सहा पट्टे झाले होते, दोन बाकी होते. आता दवाखान्यात होती.

"बाई, तुम्ही या," तो म्हणाला. "तिला काही सांगायचं असलं, तर कोणाला सांगणार ती?"

मी गेले. लोखंडी खाट, पांढरी चादर, आणि त्या चादरीखाली आता पाव माणूसही नव्हतं. सळईला सलाइनची बाटली टांगलेली. भाऊ खाटेपाशीच होता, पण तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. गुडघ्यांवर ते दोन मोठे हात नुसते ठेवलेले. मी मध्ये उभी राहिले, माझ्या जुन्या जागेवर.

तिचे डोळे बाटलीवर होते. बाटलीवरून ते समोरच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे जात आणि परत येत. ओठ हलत होते. काय चाललंय ते मला कळलं, त्यालाही कळलं असणार, कारण त्याची मान खाली गेली.

त्यानंतर ती जे बोलली ते शेवटचं. तो लगेच उठला आणि गेला. तीन तासांच्या आत परत आला, हाताला ओला निळा रंग, नखांत पिवडी. बाटलीत अजून थोडं बाकी होतं. पण बहीण तेवढं थांबली नव्हती, आधीच गेली होती. तो खुर्चीवर बसला, या वेळी तिच्याकडे तोंड करून, आणि मला म्हणाला, "दोन्ही पट्टे झाले. निळा तिचाच लावला." सांगायला कोणी उरलं नव्हतं, तरी मी ते तिला सांगितलं.

आणि ती जे बोलली होती, ते हे. नजर बाटलीवरून न हलवता म्हणाली:

"बाई, त्याला सांगा, तासात पाव बाटली उतरलीय. पाऊण राहिली, म्हणजे तीन तास. तेवढ्यात घाई न करता दोन पट्टे होतात आणि परत येऊन बसताही येतं. किल्ल्या उशीखाली आहेत. आणि शेगडी बंद करायची नाही, म्हणावं."